अर्धवट सुटलेले कोर्स आणि घरबसल्या विद्यापीठ: वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात या सदरात मी ओघात लिहून गेले की मोठमोठ्या विद्यापीठांचे कोर्स आता घरबसल्या फुकट करता येतात आणि ते कुठल्याही वयात करावेत. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं सगळ्यांचीच काढलीत, कारण बऱ्याच जणांनी घरी न सांगितलेल्या गोष्टी लिहिल्यात.

प्रश्न: ताई, मी तीन वर्षांत 14 कोर्सना नाव नोंदवलं आणि पूर्ण एकही झाला नाही. पहिले दोन आठवडे एकदम जोरात, मग एक आठवडा चुकतो, आणि मग ते पान उघडायचीच लाज वाटते. आठवण करून देणारे ईमेल येतात ते मी न वाचताच डिलीट करते. घरचे म्हणतात तुझ्यात चिकाटी नाही, आणि आता मलाही तसंच वाटायला लागलंय. (वय 38)

उत्तर: सगळ्यात जास्त पत्रं याच दुखण्याची आहेत म्हणून आधी तुझंच घेते. आणि आधी आकडे सांगते, कारण तुला वाटतंय की हे फक्त तुझंच होतंय. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपला पहिला मोठा मोफत ऑनलाइन कोर्स घेतला, विषय सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स. नाव नोंदवलं जवळपास 1,55,000 लोकांनी, आणि शेवटी पास झाले 7,157. शंभरात पाचसुद्धा नाहीत! पुढे हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशाच सगळ्या कोर्सच्या नोंदी तपासून एक अभ्यास 2019 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला, त्यात 2017-18 या वर्षात कोर्स पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास निघालं.

हे आकडे बघून बरेच लोक म्हणाले की प्रयोग फसला. मला ते अजिबात पटत नाही. लायब्ररीत जाऊन आपण दहा पुस्तकं चाळतो आणि एक घरी आणतो, तेव्हा नऊ पुस्तकं अर्धवट सोडली असं कोणी म्हणतं का? नाव नोंदवायला एक क्लिक लागतो आणि पैसे लागत नाहीत, त्यामुळे नुसतं डोकावायला आलेलेही त्या आकड्यात मोजले जातात. त्याच अभ्यासात ज्यांनी सर्टिफिकेटसाठी पैसे भरले होते त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास लोक शेवटपर्यंत गेले होते. म्हणजे कोर्स तेच, शिकवणारे तेच, फक्त हे लोक आधी ठरवून आले होते. तेव्हा चिकाटी नाही हा शिक्का आधी पुसून टाक, 14 नावं नोंदवली म्हणजे तू 14 ठिकाणी डोकावलीस एवढंच सिद्ध होतं.

आता एक काम कर. त्या 14 कोर्सची नावं कागदावर लिही आणि प्रत्येकापुढे खरं कारण लिही, का सोडला. काही तू सोडलेस कारण तुला हवं होतं तेवढं मिळालं, ते पूर्णच झाले समज आणि खोडून टाक. काही सोडलेस कारण शिकवण्याची पद्धत आवडली नाही किंवा विषयच वेगळा निघाला, तेही खोड, त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. राहतील ते एक-दोन, जिथे विषय तुला मनापासून हवा होता पण कुठेतरी अवघड झालं आणि तू थांबलीस. फक्त त्यांचाच विचार करायचा. आणि परत जाशील तेव्हा पहिल्यापासून सुरू करू नकोस, पहिले दोन आठवडे तुला येतात, तेच परत बघून बरं वाटतं आणि मग त्याच जागी पुन्हा दम संपतो. जिथे अडलीस त्याच्या एक आठवडा आधीपासून सुरू कर.

हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगतेय. संख्याशास्त्राचा एक कोर्स मी दोनदा चौथ्या आठवड्यात सोडला, दोन्ही वेळेला सशर्त संभाव्यतेच्या (एक गोष्ट घडलीय हे माहीत असताना दुसरी घडण्याची शक्यता किती, त्या) धड्यावर. तिसऱ्यांदा तिसऱ्या आठवड्यापासून सुरू केलं आणि व्हिडिओ थांबवून प्रत्येक उदाहरण आधी स्वतः कागदावर सोडवून बघितलं, तेव्हा लक्षात आलं की आधीच्या दोन्ही खेपांना मी फक्त मान डोलवत बघत होते. शिकवणारा चांगला असला की असंच होतं, तो बोलतो तेव्हा सगळं कळतं आणि व्हिडिओ संपला की हातात काहीच उरत नाही. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला होता. काहींनी एक उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी तो वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. मोफत कोर्समध्ये आपण करतो ते नेमकं उलटं, व्हिडिओ सगळे बघतो आणि स्वाध्याय टाळतो. माझा नियम आता असा आहे की वेळ कमी असेल तर एक व्हिडिओ कमी बघायचा पण स्वाध्याय सोडायचा नाही.

आणि एक, तो तिसरा प्रयत्न मी करू शकले कारण आधीच्या दोन अपयशांची कुठेच नोंद नव्हती. खऱ्या कॉलेजमध्ये एकाच विषयात दोनदा मागे पडलं की मार्कशीटवर राहतं, फी जाते, वर्ष जातं. इथे काहीच जात नाही. माझ्या मते फुकट असण्याचा खरा फायदा हा आहे, पैसे वाचतात हा दुसरा.

प्रश्न: मी 66 वर्षांचा आहे, नोकरीतून मोकळा झालोय. अभ्यास सुटून 40 वर्षं झाली. मला खगोलशास्त्र शिकायचंय, लहानपणापासून इच्छा होती. पण आता नावं लक्षात राहत नाहीत, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, अशा डोक्याला विद्यापीठाचा कोर्स झेपेल का? खरं सांगा, उगाच धीर देऊ नका.

उत्तर: काका, खरं सांगते. वय वाढतं तसा नवीन माहिती पटकन पकडण्याचा वेग कमी होतो, हे मानसशास्त्रात बरंच आधीपासून माहीत आहे. रेमंड कॅटेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन भाग सांगितले होते, एक नवीन कोडं झटपट सोडवणारी आणि दुसरी आयुष्यभर साठलेल्या ज्ञानातून, शब्दांतून, अनुभवातून काम करणारी. पहिली तरुणपणानंतर हळूहळू उतरते, दुसरी मात्र बऱ्याच उशिरापर्यंत टिकते, वाढतेसुद्धा. तुम्हाला वेग कमी पडेल. पण एखादी नवीन गोष्ट आधीच्या शंभर गोष्टींना जोडून बघायची सवय वीस वर्षांच्या मुलाकडे नसते, ती तुमच्याकडे आहे.

आणि वेगाचं म्हणाल तर ऑनलाइन कोर्समध्ये तो तुमच्या हातात असतो. वर्गात प्राध्यापकांना 'सर पुन्हा सांगा' असं किती वेळा म्हणणार, दोनदा, तीनदा? इथे एकच वाक्य आठ वेळा ऐका, वेग पाऊणपट करा, थांबवून चहा घेऊन या, कोणी कपाळाला आठ्या घालत नाही.

अमेरिकेत डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 60 ते 90 वयाच्या 221 लोकांना वेगवेगळ्या गटांत घातलं, काहींनी तीन महिने आठवड्याला साधारण 15 तास डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधड्या शिवण्यासारखं नवीन, डोक्याला ताण देणारं कौशल्य शिकलं, आणि काहींनी नुसत्या गप्पा, सहली किंवा घरच्या घरी सोप्या गोष्टी केल्या. नवीन शिकणाऱ्यांची, त्यातही फोटोग्राफी शिकणाऱ्यांची, प्रसंग लक्षात ठेवण्याची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. याचा अर्थ असा काढू नका की कोर्स केला की विसरायचा आजार होणार नाही, तसं वचन कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. अर्थ एवढाच की ओळखीच्या, सोप्या गोष्टी करत बसण्यापेक्षा थोडं अवघड आणि नवीन काहीतरी शिकणं उपयोगी पडतं. खगोलशास्त्र त्यात नक्की बसतं.

आणखी एक सांगते, मला स्वतःला यातून फार बळ मिळालं. एमआयटीमध्ये गिल्बर्ट स्ट्रँग नावाचे गणिताचे प्राध्यापक होते, 1962 पासून तिथे शिकवत होते. त्यांची लिनियर अल्जिब्राची व्याख्यानं एमआयटीने फुकट ठेवलीत आणि ती जगभर बघितली जातात. त्यांनी शेवटचं व्याख्यान 2023 च्या मे महिन्यात दिलं, तेव्हा ते 88 वर्षांचे होते. 88 व्या वर्षी फळ्यापुढे उभं राहून मॅट्रिक्स शिकवता येतात तर 66 व्या वर्षी खुर्चीत बसून तारे शिकता येतील की नाही, तुम्हीच ठरवा.

फक्त एक करा, गणित कमी असलेल्या प्राथमिक कोर्सपासून सुरुवात करा. पानावर आधी काय यायला हवं ते लिहिलेलं असतं आणि लोक घाईत ते वाचत नाहीत. कॅल्क्युलस लागेल असं तिथे लिहिलेलं असेल तर तो कोर्स दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

प्रश्न: फुकट फुकट म्हणतात आणि आत गेलं की कार्डचा नंबर मागतात. नेमकं काय फुकट असतं? (चार-पाच वाचकांचा प्रश्न)

उत्तर: दोन प्रकार वेगळे ओळखा म्हणजे गोंधळ होणार नाही.

पहिला प्रकार म्हणजे उघडं ठेवलेलं साहित्य. एमआयटीने 2001 मध्ये जाहीर केलं की आमच्या कोर्सचं साहित्य आम्ही जगासाठी मोफत ठेवणार, तेच ओपनकोर्सवेअर. त्या काळात बाकीचे लोक इंटरनेटवर शिक्षण विकून पैसे कसे मिळवायचे याचा विचार करत होते, म्हणून मला त्या निर्णयाचं अजूनही कौतुक वाटतं. आज तिथे अडीच हजारांवर कोर्स आहेत. नाव नोंदवावं लागत नाही, लॉगिन नाही, मुदत नाही, आणि बहुतेक साहित्य डाउनलोड करून विना-व्यापारी कामासाठी वाटताही येतं. पण तिथे कोणी तुमचे पेपर तपासत नाही आणि सर्टिफिकेटही नाही. येल विद्यापीठानेही 2007 पासून आपल्या वर्गातली काही पूर्ण व्याख्यानं अशीच मोकळी ठेवलीत. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं ओपनलर्न पण याच जातीचं, तिथे तर छोटे कोर्स पूर्ण केल्यावर सहभागाचा दाखलाही फुकट मिळतो.

दुसरा प्रकार म्हणजे प्लॅटफॉर्म, कोर्सेरा, एडएक्स, फ्यूचरलर्न वगैरे. याची सुरुवात 2011 मध्ये झाली असं म्हणता येईल. सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातला कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सगळ्यांना खुला केला आणि दीड लाखाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं, मग 2012 मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स दोन्ही उभे राहिले. इथे आठवडे असतात, चाचण्या असतात, चर्चा असते, पण चालवणाऱ्यांना खर्च भागवायचा असतो. त्यामुळे काही कोर्समध्ये व्हिडिओ आणि वाचन फुकट, आणि तपासलेले स्वाध्याय व सर्टिफिकेट पैसे भरून, अशी वाटणी असते. फुकट बघण्याला 'ऑडिट' म्हणतात, आणि ते बटण बऱ्याचदा बारीक अक्षरात खाली कुठेतरी असतं. 'फ्री ट्रायल' हे ऑडिट नाही हे पक्कं लक्षात ठेवा! ट्रायलला कार्ड लागतं आणि दिवस संपले की पैसे कापले जातात. एडएक्सवर फुकट बघायला ठरावीक आठवड्यांची मुदत असते. प्रत्येक कोर्सचे नियम वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून नाव नोंदवायच्या आधी दोन मिनिटं ते वाचा. आणि सर्टिफिकेट हवंच असेल पण परवडत नसेल तर काही ठिकाणी आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो, लोक लाजून करत नाहीत, करा.

आणखी एक, आवडलेला कोर्स कायम तिथे राहील असं धरून चालू नका. कोर्सेराने 2016 मध्ये जुना प्लॅटफॉर्म बंद केला तेव्हा बरेच जुने कोर्स दिसेनासे झाले आणि लोक हळहळले. एडएक्स हार्वर्ड आणि एमआयटीने मिळून उभं केलं होतं, 2021 मध्ये ते 80 कोटी डॉलरला एका कंपनीला विकलं गेलं. तेव्हा जिथे परवानगी आहे तिथे टिपणं, व्याख्यानाचा लिखित मजकूर, प्रश्नसंच उतरवून ठेवा. आणि स्वतःच्या हाताने वही भरा, ती कुठल्याच कंपनीबरोबर बंद पडत नाही.

प्रश्न: या सर्टिफिकेटने नोकरी मिळते का?

उत्तर: नुसत्या सर्टिफिकेटने क्वचित. शिकलेल्या गोष्टीने काहीतरी करून दाखवलंत, प्रोग्राम लिहिला, डेटाचं विश्लेषण केलं, डिझाइन केलं, तर ते दाखवायला उपयोग होतो आणि सर्टिफिकेट मग त्याला जोड म्हणून बरं. डिग्रीची जागा ते घेत नाही. ज्या कोर्सला विद्यापीठ श्रेयांक (डिग्रीत धरले जाणारे क्रेडिट) देतं तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, लिहिलेलं नसेल तर नाहीत असंच समजा.

प्रश्न: माझं शिक्षण सगळं मराठीतून झालंय. इंग्रजी वाचलं की कळतं पण ते लोक बोलायला लागले की पाच मिनिटांत डोकं दुखतं. मी काय करू? (वय 45)

उत्तर: वाचलेलं कळतं ना, मग तुमचं अर्ध्याहून जास्त काम झालंय. बहुतेक कोर्समध्ये व्याख्यानाचा पूर्ण मजकूर दिलेला असतो. आधी तो वाचा, अडणाऱ्या शब्दांवर खुणा करा, अर्थ बघा, आणि मग व्हिडिओ लावा, सबटायटल चालू ठेवून, वेग पाऊणपट. लोक आधी व्हिडिओ बघतात आणि मग वाचतात, तुम्ही उलटं करा. पहिले दोन आठवडे खूप वेळ लागेल, नंतर कमी होत जाईल, कारण प्रत्येक विषयाचे नेहमीचे शब्द शंभर-दीडशेच असतात आणि तेच फिरून फिरून येतात. एका वहीत ते साठवा. यंत्राने केलेली भाषांतरंही आता मिळतात पण पारिभाषिक शब्दांची त्यात वाट लागते, म्हणून मूळ मजकूर शेजारी ठेवूनच वापरा.

आणि टिपणं मराठीत काढा. हे मी आवर्जून सांगते, कारण इंग्रजी कोर्सची टिपणं इंग्रजीतच काढायची असं लोकांना उगाच वाटतं. इंग्रजी वाक्य उतरवून घ्यायला ते समजावं लागत नाही, पण तेच मराठीत दोन ओळींत लिहायचं तर समजल्याशिवाय लिहिताच येत नाही. माझ्या वहीत 'स्टँडर्ड डेव्हिएशन'च्या पुढे लिहिलंय, 'सगळे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत ते'. हे वाक्य सुचायला मला एक संध्याकाळ लागली, पण ते आजतागायत विसरले नाही.

प्रश्न: घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. सलग तास मला वर्षभरात मिळालेला नाही, मिळतात ती वीस-वीस मिनिटं, तीही कधी मिळतील सांगता येत नाही. पण काहीतरी माझं स्वतःचं असावं असं फार वाटतं. एवढ्यात काय शिकणार?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातलं शेवटून दुसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि ते पुरेसं कारण आहे, दुसरं कारण शोधू नका.

आता वीस मिनिटांचं. 2014 मध्ये एडएक्सवरच्या जवळपास 69 लाख व्हिडिओ बघण्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि दिसलं असं की लोक फार तर सहा मिनिटं गुंतून बघतात, व्हिडिओ लांब असला तरी. तेव्हा ज्यांच्याकडे तास आहे तेही तासभर शिकत नसतात. बऱ्याच कोर्सचे व्हिडिओ म्हणूनच पाच-दहा मिनिटांचे असतात. तुमची वीस मिनिटं म्हणजे एक व्हिडिओ आणि त्यावर दोन प्रश्न. तुकड्यातुकड्याने शिकणं हे कमी दर्जाचं शिकणंही नाही, उलट आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की एकदम घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. तुम्हाला ते अंतर परिस्थितीने दिलंय, नको असताना दिलंय हे मला कळतं, पण अभ्यासासाठी ते वाईट नाही.

तारखा असलेला कोर्स मात्र घेऊ नका. आपल्या वेगाने करायचा, मुदत नसलेला घ्या, नाहीतर एका वाईट आठवड्यानंतर मागे पडल्याचं ओझं वर येईल, आणि ओझी तुमच्याकडे आधीच पुरेशी आहेत. व्हिडिओ आधीच मोबाइलवर उतरवून ठेवा म्हणजे मोकळी मिनिटं शोधण्यात जाणार नाहीत. जिथे थांबलात तिथे पुढचं काय करायचं ते एका ओळीत लिहून ठेवा, 'प्रश्न 3 पासून' एवढंच पुरे. आणि हात कामात असतील तेव्हा नुसतं ऐकता येईल असे विषय घ्या, इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य. येलचे शेली केगन यांचा मृत्यू या विषयावरचा तत्त्वज्ञानाचा कोर्स आहे, तो आत्ता तुम्हाला नको वाटेल कदाचित, पण हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांची न्यायावरची व्याख्यानं नक्की ऐका, भरलेल्या सभागृहात मुलं त्यांच्याशी वाद घालतात आणि ऐकता ऐकता आपणही मनातल्या मनात वाद घालायला लागतो. दिवसभर एकाच खोलीत असणाऱ्या माणसाला तेवढी सोबत खूप होते.

प्रश्न: यूट्यूबवर सगळंच आहे की. कोर्स कशाला?

उत्तर: नळ गळतोय किंवा एक सूत्र अडलंय, तर यूट्यूबच. पण तिथे पुढचा व्हिडिओ कुठला ते यंत्र ठरवतं, आणि त्याला तुम्ही शिकावं याच्याशी देणंघेणं नाही, तुम्ही बघत राहावं एवढंच हवं. कोर्समध्ये कोणीतरी आधी बसून ठरवलेलं असतं की हे आधी, हे नंतर, आणि हे अजिबात नको. नवख्या माणसाला नेमका हा क्रमच लावता येत नाही.

प्रश्न: शाळेत गणितात कायम नापास. आता मुलीला शिकवायचं म्हणून शिकावंसं वाटतंय पण पुस्तक उघडलं की हात थंड पडतात. (वय 34)

उत्तर: बार्बरा ओकली नावाच्या बाई आहेत, त्यांचंही शाळेत गणित इतकं कच्चं होतं की त्या भाषा शिकायला गेल्या, अमेरिकन लष्करात होत्या, रशियन शिकल्या. आणि 26 व्या वर्षी शाळेच्या पातळीच्या गणितापासून पुन्हा सुरुवात केली. पुढे त्या इंजिनीअरिंगच्या प्राध्यापक झाल्या. मग त्यांनी मेंदूशास्त्रज्ञ टेरेन्स सेनोवस्की यांच्याबरोबर 2014 मध्ये एक मोफत कोर्स काढला, 'लर्निंग हाउ टू लर्न', शिकायचं कसं तेच शिकवणारा, आणि तो लाखो लोकांनी केलाय. तू गणिताच्या आधी हा कर. त्यात एक गोष्ट तुझ्या थंड पडणाऱ्या हातांबद्दलच आहे: नावडती गोष्ट सुरू करायच्या विचाराने त्रास होतो, सुरू केली की तो बराचसा ओसरतो, म्हणून 'आज धडा संपवायचा' असं न ठरवता '25 मिनिटं बसायचं' एवढंच ठरवायचं. गणित किती झालं ते मोजायचं नाही, बसलीस का एवढंच मोजायचं.

मग गणिताची सुरुवात खूप खालून कर, अपूर्णांकांपासून. मुलगी जे शिकतेय तिथपासून केलीस तरी चालेल, दोघी एकत्र चुका करा. आई चुकते आणि खोडून परत करते हे तिने बघणं वाईट नाही.

प्रश्न: एकटं शिकायचा कंटाळा येतो. कोर्सच्या चर्चेत लिहिलं तर कोणी उत्तरच देत नाही.

उत्तर: जुन्या कोर्सच्या चर्चा बऱ्याचदा ओस पडलेल्या असतात, त्यात तुमचा दोष नाही. एक माणूस शोधा, एकच. त्याने तोच कोर्स करायला हवा असंही नाही. आठवड्यातून एकदा फोनवर त्याला दहा मिनिटं सांगायचं की मी काय शिकलो. सांगताना जिथे अडखळाल तिथे तुम्हाला कळलेलं नसतं, हे इतकं अचूक असतं की कुठलीही चाचणी त्यापुढे फिकी पडेल.

प्रश्न: सगळं पटलं. पण हजारो कोर्स आहेत, त्यातून पहिला कुठला घेऊ? यादी द्या ना ताई.

उत्तर: यादी मुद्दाम देत नाही, कारण माझ्या यादीने तुम्ही माझे विषय शिकाल. प्रोग्रामिंगची हौस असेल तर हार्वर्डचा डेव्हिड मालन यांचा सीएस50 आहे, कष्टाचा आहे पण आधी काही येत नसलं तरी चालतं, एवढं मी डोळे झाकून सांगेन. बाकी स्वतःच्या मनात बघा. एखादा प्रश्न असतो जो आपल्याला वर्षानुवर्षं पडतो आणि आपण कोणाला विचारत नाही. भूकंप आधी का कळत नाही, पैसा छापला की महागाई का होते, आपल्याला स्वप्नं का पडतात. तो प्रश्न एका ओळीत लिहा आणि त्या विषयाचे तीन कोर्स उघडा. तिन्हींचा पहिला व्हिडिओ आणि पहिला स्वाध्याय बघा, नाव नोंदवायच्या आधी. ज्या माणसाचा आवाज रोज ऐकवेल असं वाटेल तो ठेवा आणि बाकीचे दोन टॅब बंद करा. तो एक संपेपर्यंत किंवा नको असं ठरेपर्यंत दुसऱ्याला नाव नोंदवायचं नाही.

पहिला आठवडा झाला की मला लिहा, कुठला घेतलात आणि कुठे अडलात. नेमकी जागा लिहा, कितवा धडा, कुठलं वाक्य. पुढच्या महिन्यात त्यातल्या काही अडलेल्या जागाच घेऊन बसू.